डाव्या गालाचा पथदर्शी प्रकल्प

माणूस नश्वर आहे, त्याचा चेहरा त्याहून नश्वर आहे. पण सरकारी फायलीला एकदा चिकटवलेला फोटो मात्र अविनाशी आहे.

हे चिंतन श्री. सूर्यकांत रेडकर, अवर सचिव, यांनी ऑक्टोबरातल्या एका रविवारी, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या सरकारी क्वार्टरच्या बाथरूममध्ये, अर्ध्या तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत मोठ्याने मांडलं. अखिल मानवजातीच्या वतीने त्यावर त्यांच्या पत्नी कुमुदताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आधी नळ बंद करा. इथे भांड्यांना धार येत नाहीये."

चिंतनाला कारण घडलं होतं. मार्चअखेर रेडकर निवृत्त व्हायचे होते आणि पेन्शन सेक्शनच्या भटनागरांनी त्यांना कागदांची यादी दिली होती. यादीत सातव्या क्रमांकावर होतं: पती-पत्नीचा जॉइंट फोटो, तीन प्रती, दोघांचे चेहरे समोरून आणि स्पष्ट. वरवर पाहता यात घाबरण्यासारखं काही नाही. पण रेडकरांनी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे कुठलाही कागद शेवटी कुठे जातो हे त्यांना ठाऊक होतं. हा फोटो बँकेत जातो आणि तिथेच राहतो. नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तो गेला की बायको काउंटरवर जाऊन उभी राहते, मग फाइल निघते, आणि कुणी अनोळखी माणूस एकदा फोटोकडे बघतो, एकदा तिच्याकडे. म्हणजे रेडकरांचं या जगातलं शेवटचं दर्शन ते होतं. त्या दर्शनाला आपण गालावरच्या खड्ड्यांसकट हजर राहायचं, या विचाराने दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं.

खड्डे म्हणजे विसाव्या वर्षी आलेल्या मुरमांनी जाताना मागे ठेवलेले व्रण. डाव्या गालावर नऊ, उजव्यावर चार. ही मोजणी रेडकरांची स्वतःची. जगात दुसऱ्या कुणीही ती केलेली नव्हती. पण त्या नऊ-चारांच्या धाकाने त्यांनी आयुष्यात एकही घरगुती फोटो समोरून काढू दिला नव्हता. लग्नाच्या फोटोत कुमुदताई कॅमेऱ्याकडे बघत होत्या आणि रेडकर भटजींकडे. लाल किल्ल्यासमोरच्या फोटोत ते किल्ला बघत होते. आग्र्याला तर त्यांनी सगळ्यांना ताजमहालाकडे पाठ करून उभं केलं आणि स्वतः एकटेच ताजमहाल बघत राहिले. ऑफिसच्या ओळखपत्रावर चेहरा समोरून होता खरा, पण त्या फोटोत त्वचाच काय, नाकसुद्धा धड उमटलेलं नव्हतं, त्यामुळे तो त्यांनी कधी हिशेबात धरला नाही.

"एवढ्या वर्षांत तुमच्या शेजारी उभं राहून मी एकदाही तुमच्यासकट फोटोत आले नाही," कुमुदताई म्हणाल्या. "आता सरकारच म्हणतंय तर सरळ बघा एकदाचं."

रेडकरांनी ठरवलं की सरळ बघायचं, पण गाल दुरुस्त करून.

आता यात एक अडचण अशी होती की रेडकरांची कातडी नाजूक होती. नवा टॉवेल लागला तरी मानेवर पुरळ उठायचं. साबण बदलला तर तीन दिवस खाज. होळीच्या दिवशी ते सकाळी नऊला पलंगाखालची ट्रंक आवरायला घ्यायचे आणि दुपारी दोनला बाहेर यायचे. अशा माणसाने चेहऱ्याला काही लावण्यापूर्वी तज्ज्ञांचं मत घेणं योग्य, पण तज्ज्ञांच्या आधी शेजारी भेटतात. वयाचं साठावं वर्ष चालू असताना सौंदर्यावर सल्ला मागणं शोभलं नसतं, म्हणून रेडकरांनी नागपूरला विलास नावाचा एक भाचा निर्माण केला. वय चोवीस, गालावर व्रण, त्वचा नाजूक.

समोरच्या क्वार्टरमधले राजाभाऊ ऑडिटमध्ये होते. त्यांनी विलासचं प्रकरण शांतपणे ऐकून घेतलं.

"लग्न करून टाका त्याचं," ते म्हणाले.

"लग्नाने व्रण जातात?"

"व्रण जात नाहीत हो. त्यांच्याकडे बघायला वेळ राहत नाही."

खालच्या मजल्यावरच्या मिसेस चड्ढांनी मात्र उपाय दिला. "बेसन, मलाई, ऊपर से नींबू. भाईसाहब, लड़के को बोलो पंद्रह दिन लगाए. मेरे भतीजे का मुँह देखा है? शीशा है, शीशा." रेडकरांनी तो भाचा पाहिला होता. त्याला मुरमं कधी आलीच नव्हती.

सरकारी दवाखान्यात रेडकर विलासशिवाय गेले. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "शुगर?" रेडकर म्हणाले, नाही. "बीपी?" नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं. "फिर आप आए किसलिए हैं?" पाठीमागच्या रांगेत सतरा माणसं होती आणि त्यातली बहुतेक शेजारच्या ब्लॉकमधली होती. रेडकरांनी खोकल्याचं औषध मागून घेतलं आणि ते घरी गेले.

शेवटी त्यांनी कुणाच्याही ओळखीचं नसेल असं ठिकाण शोधलं. लक्ष्मीबाई नगरच्या माणसाला गुप्तता हवी असेल तर नोएडासारखी जागा नाही. मेट्रोने राजीव चौकाला गाडी बदलून ते तिथल्या एका सेक्टरमधल्या त्वचेच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला गोड होती आणि, रेडकरांच्या दुर्दैवाने, खरं बोलणारी होती. तिने भिंग घेऊन दोन्ही गाल तपासले.

"अंकल, निशान तो बहुत माइल्ड हैं. पास से भी मुश्किल से दिखते हैं. और आपकी स्किन है सेंसिटिव. मेरी मानिए तो सनस्क्रीन लगाइए, और कुछ मत कीजिए."

कुणालाही हे ऐकून आनंद झाला असता. रेडकरांना तो अपमान वाटला. ज्या दुःखापायी त्यांनी ताजमहाल पाठ होईपर्यंत बघितला होता, त्या दुःखाला ही पोरगी माइल्ड म्हणत होती. त्यांनी अशा सुरात इलाज मागितला की तिला तो द्यावा लागला. अगदी सौम्य पील करू, म्हणाली. वरची पातळ साल निघते, दर महिन्याला एकदा, तेही आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबायचं. त्वचा चिडली तर विषय तिथेच संपला.

कानामागची चाचणी रेडकरांना फार आवडली. दोन दिवसांनी कान सुखरूप निघाला. डॉक्टरिणीने दोन्ही गालांची तयारी केली, तेव्हा रेडकरांनी हात वर केला.

"दोन्ही नाही. पहले बायाँ. पायलट प्रोजेक्ट."

"अंकल, दोनों गाल एक ही आदमी के हैं."

"राज्य भी सारे एक ही देश के हैं, डॉक्टर साहब. फिर भी योजना पहले एक जिले में चलती है. तीन महीने बाद मूल्यांकन, फिर विस्तार."

जिल्हा निवडताना सर्वांत मागासलेला निवडायचा, या तत्त्वाने डावा गाल निवडला गेला. डॉक्टरिणीने पुष्कळ सांगून पाहिलं. मग रेडकरांनी खिशातून कागद काढून डावा गाल स्वतःच्या जबाबदारीवर असल्याचं लिहून दिलं, तारीख घातली आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवली. निघताना तिने चार सूचना दिल्या: ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, साल ओढू नका, घरगुती काही लावू नका.

पहिल्या तीन सूचना रेडकरांनी प्राणपणाने पाळल्या. तिसऱ्या दिवशी गालाची आग व्हायला लागली, तेव्हा चौथी गळली. बेसन, मलई आणि वरून लिंबू. ही गोष्ट त्यांनी डॉक्टरिणीला पुढे कधीही सांगितली नाही. ती इथे प्रथमच बाहेर येत आहे.

चौथ्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता आणि रेडकरांचा डावा गाल पिकल्या टोमॅटोसारखा लालभडक होता. उजवा नेहमीसारखा, सावळा आणि संयमी. त्या अवस्थेत ते दारातल्या पणत्या उचलायला वाकले असताना समोरचं दार उघडून राजाभाऊ बाहेर आले.

"रेडकर, हे काय?"

"कुठे काय."

राजाभाऊंनी गालाकडे पाहिलं, मग रेडकरांच्या घराच्या पडद्याकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "वहिनी आहेत?"

"आहेत की."

"उजव्या हाताच्या ना?"

रेडकरांना प्रश्नाचा रोख कळला नाही. ते हो म्हणाले. ऑडिटमधला माणूस एका पुराव्यावर कधी निष्कर्ष काढत नाही. राजाभाऊंकडे आता दोन झाले. समोरासमोर उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या बाईची थप्पड कुठल्या गालावर बसते, याचा हिशेब त्यांनी पायरीवरच केला आणि रेडकरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चलता है. सणासुदीला ताण असतो घरात. मी कुणाला बोलणार नाही."

संध्याकाळपर्यंत सगळ्या ब्लॉकला कळलं. दिवाळीनंतर ऑफिसं उघडली तशी बातमी चार्टर्ड बसमध्ये बसली आणि बसमधून उतरून रेडकरांच्या आधी त्यांच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पोचली.

कुमुदताईंना ती मिसेस चड्ढांकडून कळली. चड्ढाबाईंनी मिठाईचा डबा त्यांच्या हाती दिला आणि तो हात तसाच धरून ठेवला. "कुमुदजी, आपने तो कर दिखाया. मैं पंद्रह साल से सोच ही रही हूँ."

कुमुदताई घरी आल्या त्या डबा टेबलावर आपटतच.

"मी मारलं तुम्हाला? मी? अहो, एकतीस वर्षांत मी तुमच्या डोक्याला तेलसुद्धा कधी जोरात चोळलं नाही."

"मी कुठे म्हटलं तू मारलंस?"

"नाही म्हटलंत का पण? हा तुमचा गाल सगळीकडे माझ्या नावाने फिरतोय. उद्याच्या उद्या जाऊन सांगा सगळ्यांना, काय केलंत ते. माझं नाव निस्तरून द्या."

"सांगतो," रेडकर म्हणाले. "योग्य वेळी, योग्य पातळीवर."

हे वाक्य ऑफिसात त्यांनी हजारो वेळा लिहिलं होतं, आणि त्याचा अर्थ काय होतो ते दोघांनाही माहीत होतं.

रेडकर वाईट माणूस नव्हते. ते दुसऱ्या दिवशी सांगायला निघालेही. पण राजाभाऊंच्या दारात उभे असताना त्यांनी दोन्ही बाजू मनात मांडल्या. एका बाजूला बायकोचा मार खाल्लेला अवर सचिव. त्याच्याबद्दल निदान सहानुभूती असते. दुसऱ्या बाजूला साठाव्या वर्षी नोएडाला जाऊन गाल उजळून घेणारा अवर सचिव. त्याच्याबद्दल काय असतं, हे त्यांनी कॅन्टीनमध्ये दुसऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा ऐकलं होतं आणि त्यात स्वतःही भर घातली होती. त्यांनी राजाभाऊंकडून वर्तमानपत्र मागून घेतलं आणि ते परत आले.

गालाने यानंतर लाल सोडून तपकिरी रंग धरला. डॉक्टरिणीने बघितलं आणि इलाज बंद केला. आता फक्त मलम, सनस्क्रीन आणि सावली. डिसेंबरात दिल्लीच्या माणसाला सावली म्हणजे शिक्षा. सगळी कॉलनी दुपारी लॉनवर चटया टाकून, शेंगदाणे फोडत, पाठ उन्हाला देऊन बसायची. आणि रेडकर लिंबाच्या झाडाखाली, स्वेटरवर मफलर, मफलरवर छत्री अशा थाटात एकटे काकडत बसायचे.

"धूप में भी नहीं बैठने देती," मिसेस चड्ढा कुणाला तरी सांगताना त्यांनी ऐकलं. आवाजात नुसता आदर होता.

त्या दोन महिन्यांत आणखीही काही गोष्टी घडल्या, ज्यांची रेडकरांनी फक्त नोंद घेतली. स्वयंपाकघराच्या नळाची तक्रार अकरा महिने पडून होती. एका सकाळी प्लंबर स्वतःहून आला आणि जाताना कुमुदताईंना नमस्कार करून गेला. भाजीवाला त्यांना तोंडली निवडू द्यायला लागला. जिन्यात स्कूटर लावणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी स्कूटर बाहेर काढली. आणि कुमुदताई गालाबद्दल काही बोलेनाशा झाल्या. पहिल्या आठवड्यात त्या रोज विचारायच्या, "सांगितलंत?" मग एक दिवसाआड. मग तेही बंद. रेडकरांना तो अबोला फार लागला. बाई मनातून खचली, असं त्यांना वाटलं. तिचं नाव आपण आपल्या गालापायी घालवलं, आणि उद्या आपण गेल्यावर ती त्या बँकेच्या काउंटरवर उभी राहील तेव्हा फोटोत एक भित्रा माणूस तिच्या शेजारी असेल. हा विचार खड्ड्यांच्या विचारापेक्षा वाईट होता, कारण त्यावर मलम नव्हतं.

डिसेंबरअखेर गाल निवळला. भटनागरांचे तीन निरोप येऊन गेले होते. दोघांनी सरोजिनी नगरच्या एका स्टुडिओत जाऊन फोटो काढला. रेडकरांनी जन्मात प्रथम कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं, आणि फोटोग्राफर तीनतीनदा म्हणाला, "सर, साँस ले लीजिए." फोटो चांगला आला. दोघंही निकालाची वाट बघत असल्यासारखे दिसत होते.

कागद घेऊन ते दोघं पेन्शन सेक्शनमध्ये गेले, कारण काही सह्या भटनागरांसमोर व्हायच्या होत्या. भटनागर हे फार सभ्य गृहस्थ. त्यांनी कुमुदताईंना अंमळ जास्तच वाकून नमस्कार केला, त्यांच्यासाठी चांगली खुर्ची मागवली, आणि रेडकरांचं सर्व्हिस बुक उघडलं.

"बस सर, एक मिनट. पहचान चिन्ह मिला लूँ." त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. "बाएँ गाल पर मुँहासों के गड्ढे."

पंच्याहत्तर साली रुजू होताना वैद्यकीय तपासणीत कुणीतरी ते लिहिलं होतं. रेडकरांनी त्या पानावर दर काही वर्षांनी सही केली होती. सही करायची असते. वाचायचं असतं असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भटनागरांनी गालाकडे पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं. मग खुर्ची सोडून, टेबलाला वळसा घालून, जवळ येऊन पाहिलं.

"सर, यहाँ तो कुछ है ही नहीं."

"है, है. ठीक से देखिए." रेडकर उठून ट्यूबलाइटखाली गेले आणि त्यांनी मान तिरपी केली. चाळीस वर्षं ज्या गोष्टी लपवण्यासाठी ते जगले, त्या गोष्टी आता ते बोटाने दाखवत होते. "ये एक. ये दूसरा. इधर तीन साथ में हैं."

"नहीं दिख रहे, सर."

"उजव्यावर चार आहेत. दाएँ पर चार हैं."

"दाएँ का मैं क्या करूँ? रिकॉर्ड में बायाँ है." भटनागरांना मनापासून वाईट वाटत होतं. "चिन्ह मिट गया तो कारण लिखना पड़ेगा. यहाँ कॉलम है." त्यांनी पेन उघडलं, एक चोरटी नजर कुमुदताईंच्या उजव्या हाताकडे टाकली, आणि अगदी हळू आवाजात, माणुसकीने विचारलं, "घरेलू कारण लिख दूँ, सर? कोई पूछेगा नहीं."

कुमुदताई समोरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

रेडकरांनी त्या कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. एकदा तिथे शाई पडली की ती कुमुदताईंच्या पश्चातसुद्धा तिथेच राहणार होती. ते उभेच होते. त्यांनी कोटाचं बटण लावलं.

"लिखिए," ते म्हणाले, आणि आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मेरी पत्नी ने इकतीस साल में मुझ पर कभी हाथ नहीं उठाया. मैं खुद, अपनी मर्जी से, नोएडा गया. वहाँ मैंने चेहरा सुंदर करवाने के लिए इलाज करवाया. एक गाल का."

सेक्शनमधल्या सगळ्या कीबोर्डांची टकटक थांबली. कोपऱ्यातल्या बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

भटनागरांनी ते शब्दशः लिहून घेतलं. मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "एक ही क्यों, सर?"

"पायलट प्रोजेक्ट था."

"हाँ," भटनागर म्हणाले. साऱ्या जगात त्या एकाच माणसाला ते ताबडतोब पटलं. "और दूसरा फेज़?"

"फाइल बंद."

भटनागरांनी तेही लिहिलं, कुमुदताईंकडून हाच तो माणूस असल्याबद्दल एक सही घेतली आणि शिक्का मारला.

परतताना रिक्षात रेडकर ताठ बसले होते. मफलर सुटला होता, डाव्या गालावर ऊन येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं. कॅन्टीनमध्ये आता काय चाललं असेल याची त्यांना पूर्ण कल्पना होती. ते बरंच काही असणार होतं. तरी फार दिवसांनी त्यांना स्वतःबद्दल बरं वाटत होतं, आणि आज संध्याकाळी राजाभाऊंच्या दारात, मग चड्ढांच्या दारात, मग लॉनवर सगळ्यांसमोर काय बोलायचं याची वाक्यं ते मनात जुळवत होते.

रिक्षा सफदरजंगच्या पुलावर चढली. कुमुदताईंनी पदर नीट केला.

"छान बोललात आज," त्या म्हणाल्या. "मला नव्हतं वाटलं तुम्ही बोलाल."

रेडकर आणखी ताठ झाले. "आता कॉलनीतही सांगतो. आजच."

"तेच म्हणत होते." कुमुदताईंनी रिक्षाच्या बाहेर बघत, जरा संकोचून, त्यांच्या हातावर हात ठेवला. "मागच्या खिडकीच्या जाळीचं चार वर्षं पडून आहे ना, त्या सुताराने सोमवारी यायचं कबूल केलंय. तोवर कुणाला काही सांगू नका."